खोबरं-चॉकलेटच्या थरांची शॉर्टब्रेड वडी

शॉर्टब्रेड हे मूळ स्कॉटलंडचं बिस्किट. त्याचं जुनं प्रमाण लक्षात ठेवायला सोपं आहे: एक भाग साखर, दोन भाग लोणी, तीन भाग पीठ. शंकरपाळ्यांत मोहन जे काम करतं, तेच इथे लोणी करतं. पिठाच्या कणांवर स्निग्धाचा लेप बसला की ग्लुटेनचे धागे जुळत नाहीत आणि पदार्थ खुसखुशीत होतो. म्हणून पीठ मळायचं नाही, फक्त गोळा करायचं.

आठ इंची चौकोनी टिनसाठी १५० ग्रॅम मैदा, १०० ग्रॅम थंड लोणी आणि ५० ग्रॅम पिठीसाखर बोटांनी चोळून एकत्र करा. बटर पेपरवर हे मिश्रण दाबून बसवा, काट्याने टोचा आणि १७० अंश सेल्सिअसवर साधारण २० मिनिटं, कडा सोनेरी होईपर्यंत भाजा.

दुसऱ्या थरासाठी २०० ग्रॅम डेसिकेटेड कोकोनट ३०० ग्रॅम कंडेन्स्ड मिल्कमध्ये कालवून वर पसरा आणि आणखी १५ मिनिटं भाजा. ओला नारळ घेऊ नका. त्याच्या पाण्याने तळ मऊ पडतो.

सगळं पूर्ण गार झाल्यावर १५० ग्रॅम डार्क चॉकलेट चमचाभर खोबरेल तेलासह गरम पाण्यावरच्या भांड्यात वितळवून ओता. त्यात पाण्याचा थेंबही जाऊ देऊ नका, नाहीतर चॉकलेटच्या गुठळ्या होतात. तेलामुळे वरचा थर कापताना कमी तडकतो.

चॉकलेट अर्धवट घट्ट झालं की गरम, कोरड्या सुरीने वड्या पाडा. तिथे घाई नको.