पाकोळीला आवतण

इंडोनेशिया-मलेशियाच्या किनारी गावांत मधूनच एखादी विचित्र इमारत दिसते. तीन-चार मजले, खिडकी एकही नाही. भिंतींत हवेपुरती भोकं, वरच्या अंगाला एक झरोका आणि तिथल्या कर्ण्यातून दिवसभर पाखरांचा चिवचिवाट. ही घरं माणसांनी पाकोळ्यांसाठी बांधलेली आहेत, त्यांच्या लाळेच्या घरट्यांसाठी.

विणीच्या दिवसांत या पाकोळीच्या जिभेखालच्या ग्रंथी फुगतात. त्यांतली चिकट लाळ ती धाग्याधाग्याने भिंतीला लावत जाते. महिना-सव्वा महिन्यात अर्ध्या वाटीएवढं घरटं तयार होतं. वाळलं की ते पांढरं, कडक, काहीसं पारदर्शक दिसतं. वजन दहा ग्रॅमच्या आसपास. चिनी लोक शतकानुशतकं त्याचं सूप पितात आणि त्यासाठी वाटेल ती किंमत मोजतात. एके काळी ही सारी घरटी गुहांतून, बांबूच्या उंच शिड्या लावून, जीव धोक्यात घालून काढली जात.

पूर्व जावातल्या सेदायू गावी १८८० साली एका घरात या पाकोळ्या वस्तीला आल्याची नोंद आहे. तिथल्या लोकांनी पुढे एक युक्ती केली. घरांत आधीपासून राहणाऱ्या दुसऱ्या जातीच्या लहान पाकोळ्यांच्या घरट्यांत त्यांनी हिची अंडी ठेवली. परक्या आईने वाढवलेली पिल्लं त्या घरालाच आपलं मानू लागली. १९९७च्या आर्थिक संकटानंतर मलेशियात ओस पडलेल्या दुकानांच्या इमारतींतही हा धंदा पसरला.

या पाखराला बोलवायचं तर त्याच्या सवयी जाणून घ्याव्या लागतात. जुनी जोडपी आपली जागा सहसा सोडत नाहीत. नवं घर भरतं ते जागा शोधणाऱ्या तरुण पाखरांनी. बाहेरचा कर्णा त्यांना झरोक्यापर्यंत आणतो, आतले हळू आवाज मुक्कामाला लावतात. आत जवळजवळ अंधार हवा. पाकोळी ‘टिक् टिक्’ आवाज काढून त्याच्या प्रतिध्वनीवर वाट काढते. घुबड किंवा ससाणा यांना ते साधत नाही, म्हणून अंधार हेच तिचं संरक्षण. तापमान २६ ते ३० अंश, आर्द्रता ८० ते ९० टक्के लागते. हवा कोरडी पडली की घरटं तडकतं. तिचे इवलेसे पाय फांदीवर बसायच्या कामाचे नाहीत, ती नखांनी लटकते. म्हणून छताला खरबरीत लाकडाच्या फळ्या ठोकतात. नव्या सिमेंटचा वास मोडायला जमिनीवर पाकोळ्यांची विष्ठा पसरतात.

एवढं करूनही दाणापाणी मालकाच्या हाती नसतं. पाकोळी उडता उडता किडे टिपते. आसपासची झाडी, भातखाचरं, पाणथळी टिकली तरच ती टिकते. घरटं काढायची वेळही तीच ठरवते. दोन अंडी, सुमारे २३ दिवस उबवणं, मग दीड महिना पिल्लांचं संगोपन. पिल्लं उडून गेल्यावरच घरट्याला हात लावणारा मालक पुढच्या वर्षीही घरटी पाहतो.

ही शिस्त मोडली की काय होतं, ते अंदमान-निकोबारने अनुभवलं. गुहांतली घरटी अंड्यापिल्लांसकट ओरबाडली गेली आणि पाकोळ्यांची संख्या झपाट्याने घसरली. ‘साकॉन’ या पक्षी-संशोधन संस्थेचे डॉ. रवी शंकरन यांनी वनखात्यासोबत उत्तर अंदमानात, रामनगरजवळच्या चालीस-एकच्या गुहांत संरक्षणाचं काम उभं केलं. ज्यांचा हात घरटी काढण्यात बसलेला होता, त्यांनाच त्यांनी राखणदार नेमलं. गुहेची खडान्‌खडा माहिती त्यांच्याइतकी कुणाला असणार? जोडीला घरांत पाकोळ्या वसवण्याचे प्रयोगही झाले. शंकरन २००९ साली गेले. पण ज्याचं पोट पाखरावर आहे त्याच्याच हाती पाखराची राखण द्यावी, हा त्यांचा विचार मला आजही सर्वांत व्यवहार्य वाटतो.

आपल्या वेंगुर्ल्यासमोरच्या खडकाळ बेटांवरही पाकोळ्या आहेत, पण त्या वेगळ्या जातीच्या. त्यांच्या लाळेत पिसं, शेवाळ मिसळलेलं असतं. त्यांचीही घरटी चोरीला गेली आहेत. जावाचा नमुना इथे जसाच्या तसा उचलणं चुकीचं ठरेल. इथे गरज आहे ती विणीच्या काळात गुहा निर्धोक ठेवण्याची, आणि त्या कामात किनाऱ्यावरच्या मच्छीमारांना मानाने सामील करून घेण्याची. पाकोळीला पिंजऱ्यात कोंडून हा धंदा होत नाही. रोज पहाटे ती मोकळ्या आभाळात जाते आणि संध्याकाळी परतायचं की नाही, हे तिचं तीच ठरवते. तिच्यावर पोट भरू पाहणाऱ्याला म्हणूनच तिची मर्जी सांभाळावी लागते, आणि तिच्या भोवतालचं रानही.