मध्यरात्रीच्या खेळाला मनाई

पैसे लावून ऑनलाइन खेळल्या जाणाऱ्या रमी व पोकर या खेळांस कौशल्याचे म्हणावे की जुगार समजावे, हा वाद चेन्नईतील मद्रास उच्च न्यायालयापुढे वारंवार उपस्थित झाला आहे. तमिळनाडू सरकारची सरसकट बंदी न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये रद्दबातल ठरविली, तेव्हा निवृत्त न्यायमूर्ती के. चंद्रू यांच्या समितीच्या अहवालाच्या आधारे सरकारने २०२२ मध्ये नवा कायदा रचला. नोव्हेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने तो कायम केला, परंतु या दोन खेळांस दैवाधीन ठरविणारी अनुसूची मात्र रद्द केली. पुढे २०२५ च्या नियमावलीने मध्यरात्रीपासून पहाटे पाचपर्यंत खेळण्यास मज्जाव केला, आधारद्वारे ओळख पटविण्याची सक्ती केली, आणि सलग तासाहून अधिक खेळणाऱ्यास दर अर्ध्या तासाने पडद्यावर इशारा देण्याचे फर्माविले. ही बंधनेही जूनमध्ये न्यायालयाने ग्राह्य मानली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्याने कौशल्य व दैव हा भेदच बाजूस सारून पैशाच्या सर्व ऑनलाइन खेळांवर बंदी घातली, ई-स्पोर्ट्सला मात्र उत्तेजन दिले. तेव्हा वाचकांनी एवढे ध्यानी धरावे, की केवळ करमणुकीच्या व्हिडिओ गेमला या बंदीची आडकाठी नाही. पैशाचा पण लागला, की ती आड येते.