हाडांतले पांढरे ठिपके म्हणजे कर्करोगच, असं नाही

एक्स-रेवर कंबरेच्या आणि हातापायांच्या हाडांत पांढरे ठिपके विखुरलेले दिसले, की पहिली शंका येते पसरलेल्या कर्करोगाची. पण त्याच माणसाच्या मांडीवर, नितंबांवर किंवा पोटावर त्वचेच्याच रंगाच्या वा पिवळसर, टणक, न दुखणाऱ्या गाठींचे पुंजके असतील, तर बुश्के-ओलेनडॉर्फ सिंड्रोम आधी आठवायला हवा. १९२८ साली वर्णन झालेला हा आजार साधारण २०,००० जणांत एकाला होतो. एलईएमडी३ जनुकातला दोष त्याच्या मुळाशी आहे, हे २००४ मध्ये कळलं.

हा सिंड्रोम आधी गृहीत धरताना कर्करोग निसटला तर, ही भीती रास्तच. पण या सिंड्रोममधले ठिपके काही मिलिमीटरचे, गोल-लांबट, सांध्यांजवळ आणि दोन्ही बाजूंना सारखे असतात. बोन स्कॅनही सहसा सामान्य येतो. कर्करोगाचे डाग असे शिस्तीत क्वचितच बसतात. चित्र जुळलं नाही, तर पुढच्या तपासण्या करायलाच हव्यात. दुसरा आक्षेप असा, की आजार बहुधा निरुपद्रवी आहे, मग निदानाचा खटाटोप कशाला? कारण तो प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता निम्मी असते आणि एकाच घरात कुणाच्या फक्त त्वचेवर, तर कुणाच्या फक्त हाडांत खुणा दिसतात. एकाचं निदान नोंदलेलं असेल, तर दुसऱ्याच्या हाडाची विनाकारण बायोप्सी टळू शकते. म्हणून असा एक्स-रे हाती आला तर डॉक्टरांना अंगावरच्या गाठीही दाखवा आणि घरच्यांबद्दलही सांगा.