नोहारांच्या घराचं कर्ज आणि खानदेशातली दुपार

मे महिन्यात जळगाव-धुळ्याचा पारा ४४-४५ अंशांवर जातो. सकाळी अकरानंतर पोरांना अंगणातही जाऊ देत नाहीत. खिडक्यांना ओले पडदे, कोपऱ्यात घरघरणारा कूलर आणि समोर टीव्ही. जपानी कार्टूनमधल्या शिनचॅन या वांड पोराने खानदेशातल्या घरांत पाय रोवले ते अशाच दुपारी. २००६ साली ‘हंगामा’ वाहिनीवर तो हिंदीत आला, तेव्हा महाराष्ट्रात भारनियमनाने कहर केला होता. लाइट कधी जाईल याचा भरवसा नसताना त्याच्या छोट्या गोष्टी सोयीच्या होत्या. अर्ध्या तासात साधारण तीन गोष्टी; एक हुकली तरी पुढची सापडायची.

आज त्या वेळची पोरं पंचविशीत आहेत, काहींच्या कडेवर मूल आहे, आणि शिनचॅन मात्र पाच वर्षांचाच आहे. जपानच्या ‘टीव्ही असाही’वर ही मालिका एप्रिल १९९२ मध्ये सुरू झाली आणि अजून चालू आहे. एवढी वर्षं माणसं तेच घर, तीच बडबड का बघतात? वांड पोराच्या खोड्या हे उत्तर मला अपुरं वाटतं. खोड्यांचा कंटाळा येतो; संसाराचा येत नाही.

योशितो उसुई यांनी हे पात्र १९९० मध्ये मोठ्यांच्या चित्रकथा साप्ताहिकासाठी काढलं होतं. त्यामुळे त्यात पैशाची ओढाताण पहिल्यापासून आहे. शिनचॅनच्या घराचं आडनाव नोहारा. हिंदीत ज्याला हॅरी म्हणतात तो बाप मूळचा उत्तरेकडच्या अकिताचा. नोकरी टोकियोत, घर तिथून जवळच्या कासुकाबे गावात, आणि त्या घरावर ३२ वर्षांचं कर्ज. आई मित्सी दूर दक्षिणेतल्या कुमामोतोची. सेल लागला की धावत सुटते, दोन पैसे वाचवते आणि नवऱ्याच्या पगाराचा हिशेब बोटांवर ठेवते. एकदा तर स्फोटात अख्खं घर उडालं आणि सगळे भाड्याच्या खोलीत जाऊन राहिले. घर गेलं म्हणून कर्ज काही सुटलं नाही.

हे सगळं शिरपूर-दोंडाईच्याच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. धुळे-नंदुरबारकडची हजारो कुटुंबं पोटापाण्यासाठी सुरतेला, उधना-लिंबायत भागात, राहतात. जळगावची पोरं पुण्या-नाशिकच्या कंपन्यांत आहेत. बाप गाव सोडून शहरात राबतोय, फ्लॅटचे हप्ते भरतोय, सुट्टीत आजी-आजोबा येऊन नातवाला डोक्यावर बसवून ठेवतात आणि सुनेची तारांबळ उडते. नोहारांच्या घरीही हेच चालतं. शिनचॅनला शिमला मिरची नको असते, इथल्या पोरांना गिलक्याची भाजी नको असते. पाठीत धपाटा दोघांनाही बसतो.

मोठ्यांचा राग मलाही ठाऊक आहे. पोरं आईबापाला नावानं हाका मारू लागली, उलट उत्तरं द्यायला लागली, अशा तक्रारी खऱ्या होत्या. २००८ मध्ये भारतात मालिका बंद झाली आणि नंतर बरीच कात्री लागून परत आली. पण ज्या घरात आई पोराशेजारी बसून बघते, तिथे दोघं वेगवेगळ्या जागी हसतात. पोरगं शिनचॅनच्या वांडपणाला, आई मित्सीच्या थकव्याला. घरातल्या प्रत्येकाला आपापलं माणूस सापडतं, आणि मला वाटतं मालिकेच्या दीर्घायुष्याचं खरं कारण हेच आहे.

जपानमधल्याच ‘साझाए-सान’कडे बघा. माचिको हासेगावा यांची ही चित्रमालिका १९४६ची, टीव्हीवर ऑक्टोबर १९६९ पासून, आणि सर्वांत दीर्घकाळ चाललेली अ‍ॅनिमेशन मालिका म्हणून तिची गिनीज बुकात नोंद आहे. तिथे एका छपराखाली तीन पिढ्या राहतात, जावईसुद्धा सासू-सासऱ्यांजवळ. अमेरिकेत १९८९ पासून चालू असलेल्या ‘द सिम्पसन्स’चे साडेसातशेहून अधिक भाग झाले, तिथेही आईबाप, तीन पोरं आणि महिनाअखेरची चणचण. चित्रातली माणसं म्हातारी होत नाहीत, हा या प्रकाराचा मोठा फायदा. खऱ्या नटांच्या मालिकेत बालकलाकाराला मिसरूड फुटते आणि कथेला वळण द्यावं लागतं. इथे प्रत्येक गोष्टीत घराची घडी विस्कटते आणि पुढच्या गोष्टीपर्यंत पुन्हा बसते.

या चित्रांत ओठांच्या हालचाली अगदी मोजक्या ठेवतात; तोंड उघडं, अर्धवट, बंद. म्हणून कुठलीही भाषा त्यावर बसते. मोबाइल आल्यावर खानदेशातल्या पोरांनी चित्रपटांवर, कार्टूनवर अहिराणी आवाज चढवायला सुरुवात केली, त्यामागे ही सोयही आहे. ‘काय करी ऱ्हायना रे पोऱ्या?’ असं पडद्यावरून ऐकू आलं की घरातली म्हातारी माणसंही खुर्ची ओढून जवळ येतात. हिंदी कार्टूनसाठी ती कधी आली नव्हती.

मराठीत ‘चिंटू’ १९९१ पासून ‘सकाळ’मध्ये आला. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांनी आईबाप, मित्र, वाडा असं अस्सल मध्यमवर्गीय घर उभं केलं. तसं घर आता खानदेशाचंही हवं, आणि ते टीव्हीवर दर आठवड्याला हललं-बोललं पाहिजे. अमळनेर किंवा चोपड्याचं एकत्र कुटुंब, कपाशीच्या भावावर लटकलेलं कर्ज, सुरतेहून दिवाळीला येणारा काका, भरताच्या वांग्यांवरून होणारी भांडणं. चित्रं काढणारी पोरं इथे आहेत आणि आवाज देणारीही. त्यांना एखाद्या वाहिनीने निदान एका वर्षाचे भाग द्यावेत.