ग्रंथालय आणि विद्यार्थ्याची बैठक

न्यासाच्या महोत्सवी स्मरणिकेसाठी शिक्षणाविषयी चार शब्द लिहावेत, अशी चालकांची आज्ञा झाली. न्यासाच्या मदतीने आपल्या अफजलपूर तालुक्यातील मुले-मुली आता कलबुर्गीच्या व त्याहून दूरच्या विद्यापीठांत जाऊ लागली आहेत. तेव्हा विद्यापीठाचे ग्रंथालय कसे असावे, आणि त्यातून आपल्यासारख्या लहान गावाने काय घ्यावे, हाच विषय मी निवडला आहे.

ग्रंथालय म्हटले की आपण प्रथम विचारतो, ‘पुस्तके किती?’ हा प्रश्न चुकीचा नाही. पण तो अपुरा आहे. पुस्तक कपाटात राहते. अभ्यास माणसाला करावयाचा असतो. त्याला बसावे लागते, लिहावे लागते, अडले तर कोणाला तरी विचारावे लागते. म्हणून ‘बसावयाची सोय किती व कशी?’ हा दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच महत्त्वाचा होय.

याचे उत्तम उदाहरण आपल्या शेजारीच आहे. बहमनी राज्याचे वजीर महमूद गवान यांनी १४७२ साली बीदर येथे मदरसा बांधला. मध्ये मोठे चौरस अंगण, भोवती तीन मजली इमारत, आणि तिच्यातच मशीद, व्याख्यानाची दालने, ग्रंथालय, शिक्षकांची बिऱ्हाडे व विद्यार्थ्यांच्या खोल्या. ग्रंथसंग्रह सुमारे ३००० हस्तलिखितांचा होता, असे सांगतात. त्या काळी छापखाना नव्हता. ग्रंथ गुरूकडून ऐकावयाचा, उतरवून घ्यावयाचा, पाठ करावयाचा आणि सोबत्याला म्हणून दाखवावयाचा, अशी शिकण्याची रीत होती. त्या रीतीला गुरू, ग्रंथ व खोली एकमेकांजवळ असणे सोयीचेच होते. पुढे १४८१ साली एका बनावट पत्रावरून सुलतानाने गवान यांचा वध करविला, आणि १६९६ साली दारूच्या स्फोटाने इमारतीचा मोठा भाग पडला. तरीही सहलीला नेलेली मुले उरलेल्या खोल्यांत शिरली की आपोआप भिंतीला टेकून बसतात, हे मी पाहिले आहे.

पुढे छापील पुस्तके आली आणि ग्रंथालयाला स्वतंत्र वास्तू मिळू लागली. मुंबई विद्यापीठाचे ग्रंथालय व त्यावरचा राजाबाई मनोरा १८७८ साली पुरा झाला. प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून ते काम झाले आणि मनोऱ्याला त्यांच्या मातोश्रींचे नाव दिले गेले. वास्तू अत्यंत देखणी आहे. परंतु त्या वेळी विद्यापीठ मुख्यतः परीक्षा घेई. शिकवणे महाविद्यालयांत चाले. अशा काळात ग्रंथालय हे रोजच्या अभ्यासाच्या जागेपेक्षा ज्ञानाचे मंदिर म्हणून उभे राहिले, यात नवल नाही.

या विचाराला आपल्या देशात वळण दिले ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल डॉ. रंगनाथन यांनी. १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. पुस्तक हे जपून ठेवण्याची नव्हे तर वापरण्याची वस्तू आहे, आणि वाचकाचा वेळ वाया जाता कामा नये, हा त्यांच्या सांगण्याचा गाभा होय. कपाटे वाचकांना खुली ठेवण्याचा त्यांचा आग्रह यातूनच आला.

माझा स्वतःचा अनुभव मात्र निराळा होता. मी बी. ए. ला असताना आमच्या ग्रंथालयातील कपाटे कुलूपबंद असत. खिडकीतून चिठ्ठी सरकवावयाची आणि तासाभराने ‘पुस्तक बाहेर गेले आहे’ हे उत्तर ऐकावयाचे. आत मोजून सहा खुर्च्या. पाच वाजता दाराला कुलूप. घरी दोन खोल्यांत आम्ही आठ माणसे. शेवटी अब्बांचे शिलाईचे दुकान बंद झाल्यावर कापड बेतण्याच्या मेजावर मी परीक्षेचा अभ्यास केला. ते मेज रुंद होते, वर दिवा होता, आणि अब्बा दारापाशी काजे-बटणाचे काम करीत बसत, म्हणून भीतीही नव्हती. ग्रंथालयाने जे द्यावयास हवे होते, ते मला शिंप्याच्या मेजाने दिले.

विद्यार्थी खरोखर कसा अभ्यास करतो, हे त्यालाच विचारून पाहिले तर? अमेरिकेतील रॉचेस्टर विद्यापीठाच्या ग्रंथालयाने हेच केले. नॅन्सी फ्राइड फॉस्टर या मानववंशशास्त्रज्ञ बाईंच्या मार्गदर्शनाखाली विद्यार्थ्यांना कॅमेरे देऊन आपापल्या अभ्यासाच्या जागांची चित्रे घ्यावयास सांगितले, दिवसभरातील हिंडण्याचे नकाशे काढविले, मनातले ग्रंथालय रेखाटावयास लावले. त्याचा वृत्तान्त २००७ साली प्रसिद्ध झाला. तो वाचून मीही आमच्या नववीच्या मुलांना ‘माझी अभ्यासाची जागा’ काढावयास सांगितले. एकाने भीमाकाठच्या मळ्यातील मोटारीची खोली काढली, एकाने बसस्थानकातील दिव्याखालचा बाक. एका मुलीने स्वयंपाकघर काढून भांड्यांच्या मांडणीखाली एक लहान चौकोन आखला व लिहिले, ‘सगळे जेवल्यावर माझी जागा.’

अभ्यासाची कामे एका प्रकारची नसतात. एकट्याने मुकाट्याने वाचणे निराळे, तिघांनी मिळून गणित सोडविणे निराळे, आणि चार पुस्तके पसरून निबंध लिहिणे निराळे. दुसऱ्याला समजावून सांगताना आपल्यालाच विषय अधिक उमगतो; म्हणून बोलणे हा अभ्यासाचा शत्रू नव्हे. त्याला वेगळी जागा हवी, इतकेच. म्हणून नव्या ग्रंथालयांत देवघेवीची व चर्चेची जागा दाराजवळ किंवा तळमजल्यावर ठेवतात आणि निवांत वाचनाची आत किंवा वर. प्रत्येक वाचकास सुमारे तीन फूट रुंद व दोन फूट खोल मेज असले, तर वही आणि दोन पुस्तके एकदम उघडता येतात. हल्ली संगणक व मोबाईल यांसाठी मेजाजवळ विजेची जोडणीही लागते.

आपल्या भागात आणखी काही गोष्टी पाहाव्या लागतात. उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो. म्हणून बैठक उत्तरेच्या खिडकीशी असावी आणि पश्चिमेचे ऊन अंगावर किंवा पुस्तकांवर पडू नये. आपली शहाबादी फरशी थंड व टिकाऊ खरी, पण तिच्यावर खुर्ची ओढली की सारी खोली दचकते. खुर्चीच्या पायांना रबर लावल्यास तो त्रास अल्प खर्चात दूर होतो. पिण्याचे पाणी आणि स्वच्छतागृह यांवाचून कोणी चार तास बसू शकत नाही. मुलींच्या बाबतीत तर ही सोय आणि घरापर्यंतच्या वाटेवरचा उजेड यांवरच सारे अवलंबून असते.

आता न्यासाच्या सभासद बंधुभगिनींना एक विनंती. आपण शिष्यवृत्ती देतो, पुस्तके देतो. ही सेवा मोठी आहे. पण पुस्तक घरी नेल्यावर ते उघडावयास जागा नसेल, तर आपली मदत उंबरठ्याशीच थांबते. न्यासाची एक खोली रोज सायंकाळी सहा ते दहा अभ्यासिका म्हणून उघडी राहावी. आरंभास बारा बैठका पुरेत. एखाद्या वडीलधाऱ्या भगिनीने तेथे शिवणटिपण घेऊन बसावे, म्हणजे आयाही मुलींना निर्धास्तपणे पाठवितील. पुस्तकांच्या देणगीदारांची नावे आपण फलकावर लिहितो, तशीच एकेका बैठकीच्या देणगीदाराचीही लिहावीत.

मात्र सुताराला बोलावण्यापूर्वी एक दिवस त्या मुला-मुलींना बोलवावे, कागद-पेन्सिल द्यावी आणि त्यांना कोठे, केव्हा व कसे बसावेसे वाटते ते काढावयास सांगावे. त्या कागदांवरून खोली सजवावी, एवढे सुचवून हा लेख पुरा करते.