बिनपगारी उन्हाळे

2010 साली दिल्लीच्या पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्चने ‘लॅम्प’ फेलोशिप सुरू केली. पावसाळी अधिवेशनापासून अर्थसंकल्पीय अधिवेशन संपेपर्यंत एका खासदाराला अभ्यासाची मदत करायची आणि त्याबद्दल विद्यावेतन घ्यायचे. आमच्या कॉलेजच्या नोटीस बोर्डावर तिची जाहिरात लागली, तेव्हा मुलांनी विचारलेला पहिला प्रश्न होता, ‘सर, यूपीएससीला याचा फायदा होतो का?’ धोरण नावाचे काही काम असते आणि ते कलेक्टर न होताही करता येते, हे पटायला आणखी काही वर्षे जावी लागली.

पटवून दिले ते पुढच्या योजनांनी. 2012 मध्ये पंतप्रधान ग्रामीण विकास फेलोंची पहिली तुकडी नक्षलग्रस्त जिल्ह्यांत गेली. आपल्याकडे गडचिरोलीने ती पाहिली. 2015 मध्ये मुख्यमंत्री फेलोशिप आली आणि मंत्रालयात जीन्स घातलेली मुले फायली घेऊन फिरू लागली. सरकार बदलल्यावर 2020 मध्ये ती गुंडाळली गेली, 2023 मध्ये पुन्हा सुरू झाली. तेव्हा महिन्याला प्रवासखर्चासह 75 हजार रुपये मिळत होते. योजना चांगली की वाईट हे सत्तेत कोण आहे त्यावर ठरावे, हा आपला जुना रोग आहे.

पण या साऱ्या योजना पदवीनंतरच्या. मुख्यमंत्री फेलोशिपला तर वय किमान 21 आणि वर 60 टक्के गुण नि वर्षभराचा अनुभव हवा. एस.वाय.ला असलेल्या, नुकताच कुठे प्रश्न पडू लागलेल्या मुलाने मे महिन्यात काय करायचे? नीती आयोगाची इंटर्नशिप पदवीच्या विद्यार्थ्याला खुली आहे. अट बारावीला 85 टक्क्यांची, लॅपटॉप स्वतःचा आणि विद्यावेतन शून्य. दिल्लीत मामा किंवा आत्या असेल तर ठीक. नसेल, तर दीड-दोन महिन्यांचे पेइंग गेस्टचे भाडे, मेस आणि मेट्रो कोण भरणार? रिझर्व्ह बँक उन्हाळ्यात चांगले पैसे देते, पण ती जागा पदव्युत्तर, पाच वर्षांच्या एकात्मिक अभ्यासक्रमाच्या नाहीतर कायद्याच्या मुलांची. बी.ए., बी.कॉम.वाल्यांनी नुसती जाहिरात वाचायची. 2024 मध्ये पंतप्रधान इंटर्नशिप योजना गाजावाजात आली. तेव्हा महिना पाच हजार होते, पण पूर्णवेळ शिकणारा विद्यार्थी त्यातही बसत नव्हता.

या सगळ्या काळात मुलांचे अर्ज तपासून देणे हा माझा उन्हाळ्याआधीचा उद्योग होऊन बसला. एक अर्ज लक्षात आहे. मुलगी सिंधुदुर्गातली. पहिल्या मसुद्यात ‘लहानपणापासून मला समाजसेवेची आवड आहे’ इथून सुरुवात, मग गांधी, कलाम आणि शाश्वत विकासाची उद्दिष्टे. असे मसुदे निवड समितीकडे गठ्ठ्याने येतात. तिला विचारले, गावात सरकारचे काय अडते? ती म्हणाली, ‘आजीचा अंगठा लागत नाही.’ आजीने जन्मभर काजू सोलले. टरफलातल्या तेलाने बोटांची सालटी निघून ठसे पुसट झाले होते, आणि रेशन दुकानातले ई-पॉस यंत्र तिला ओळखत नव्हते. दर महिन्याला नातवंडांपैकी कुणीतरी सोबत जायचे, आपला अंगठा लावायचे. ज्या घरात नातवंडे मुंबईला गेली, तिथे काय होते, हे या मुलीने नंतर वाडीत फिरून विचारले आणि दुकानदाराचेही म्हणणे लिहून घेतले. दुसरा मसुदा एका पानाचा होता. त्यात आवड हा शब्दच नव्हता.

तिची निवड झाली. विद्यावेतन होते म्हणून ती जाऊ शकली. त्याच सुमारास दुसऱ्या एका मुलाला बिनपगारी जागा मिळाली आणि त्याने ती सोडली, कारण सुट्टीत तो कॅटरिंगवाल्याकडे काम करून पुढच्या वर्षाची फी जमवायचा. दोघांत हुशार कोण होते, हे मला आजही सांगता येणार नाही.

अमेरिकेत 1980 च्या सुमारास ‘पीपीआयए’ नावाचा कार्यक्रम सुरू झाला. तिथे पदवीचे शेवटचे वर्ष सुरू होण्याआधीच्या उन्हाळ्यात मुलांना बर्कली, मिशिगनसारख्या विद्यापीठांत नेऊन अर्थशास्त्र, संख्याशास्त्र आणि धोरणलेखन शिकवतात. राहणे-जेवण मिळते, वर विद्यावेतनही. अट नागरिकत्वाची किंवा ग्रीन कार्डाची, त्यामुळे न्यू जर्सीतल्या मराठी घरातली मुले अर्ज करू शकतात, इथून नाही. अर्थात तिथेही सगळे आलबेल नव्हते. व्हाइट हाऊसने आपल्या इंटर्न्सना पैसे द्यायला सुरुवात केली ती 2022 मध्ये. त्याआधी वॉशिंग्टनचे भाडे ज्यांच्या बापाला परवडे, त्यांनाच तो अनुभव.

शिकणाऱ्याला पैसे देण्याची ही कल्पना आपल्याला परकी वाटायचे कारण नाही. गोखल्यांनी 1905 मध्ये पुण्यात भारत सेवक समाज काढला, तेव्हा नव्या सभासदाला पाच वर्षे उमेदवारी होती आणि त्याच्या निर्वाहाची सोय समाज करत होता. सार्वजनिक काम शिकायचे तर पोटाची चिंता कुणीतरी घ्यावी लागते, हे तेव्हा गृहीत होते.

आता चार वर्षांच्या पदवीत इंटर्नशिपला श्रेयांक मिळतात. मुले कुठलेतरी प्रमाणपत्र आणतात, आम्ही शिक्के मारतो. खरे काम जिल्हा परिषदेत पडून आहे: अंगणवाडी, जलजीवन, शाळांचे पट. राज्यात 34 जिल्हा परिषदा आहेत. प्रत्येकीने एस.वाय.च्या दोन मुलांना दोन महिने घेतले, महिना दहा हजार दिले, तरी साऱ्या राज्याचा खर्च 13 लाख 60 हजार होतो. एका मंत्र्याच्या बंगल्याच्या रंगसफेदीतून तेवढे सहज वाचतील. येत्या अर्थसंकल्पाआधी आपल्या आमदाराला हे पत्राने कळवा.