पाया छत्रीचा, बारकावे तारेचे

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं, तेव्हा चित्राचा शत्रू डोंगर होता. मनोऱ्यावरून निघालेल्या लहरींना सह्याद्रीच्या सोंडा आडव्या येत. सांगली जिल्ह्यातल्या शिराळ्यासारख्या वारणा-मोरणेच्या खोऱ्यांच्या मुलखात अशा प्रसारणाचा निभाव लागणं कठीणच.

डिशच्या छत्रीनं तो अडसर दूर केला. डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनची मोफत डीटीएच सेवा आली. तीच आजची डीडी फ्री डिश. तिचा जीसॅट-१५ उपग्रह शिराळ्यातून आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे ६० अंशांवर असतो. इतक्या उंचीला डोंगर सहसा आड येत नाही. शिवाय घरं कितीही वाढली तरी उपग्रहावरचा भार तेवढाच राहतो. मात्र उपग्रहावरचे ट्रान्सपाँडर, म्हणजे प्रसारणाचे मार्ग, मोजके आणि वाहिन्या पुष्कळ. म्हणून बहुतेक वेळा साध्या एसडी चित्रावर भागवावं लागतं आणि त्याची मजल ७२० × ५७६ ठिपक्यांपर्यंतच. मोठ्या पडद्यावर ते ताणलं की चेहऱ्यांच्या कडा विरतात. श्रावणात जोराची सर आली, की ऐन नागपंचमीलाही चित्र अडकू शकतं.

इंटरनेटचं गणित उलटं. २०२३ची आयपीएल जिओसिनेमानं फोर-केमध्ये फुकट दाखवली. पण तिथं प्रत्येक प्रेक्षकाला स्वतंत्र प्रवाह लागतो. बघणारे वाढले की ताण वाढतो आणि रेंज गेली की चित्रच जातं.

एअरटेल एक्स्ट्रीम, टाटा स्काय बिंज प्लस अशा पेट्यांनी २०१९-२० मध्ये दोन्ही वाटा एकत्र आणल्या. पण ती एका वाड्यातली दोन बिऱ्हाडं. रिमोट दाबून एकातून दुसऱ्यात जायचं.

खरा मिलाफ चित्राच्या आतच होतो. पायाचा थर प्रसारणातून येतो, बारकाव्यांचा इंटरनेटवरून, आणि टीव्ही ते जुळवतो. प्रसारण आधी पोचतं, इंटरनेट काही सेकंद मागे असतं. म्हणून टीव्हीला आलेलं चित्र थोडा वेळ रोखून धरावं लागतं. युरोपातली एचबीबीटीव्ही आणि जपानची २०१३ची हायब्रिडकास्ट यांनी दोन्ही माध्यमं जोडली, पण भर जास्त करून जादा माहिती आणि सेवांवर राहिला. दक्षिण कोरियानं २०१७ मध्ये प्रसारणासाठी वापरात आणलेल्या एटीएससी ३.० मानकात थरांच्या चित्राची सोय आहे. ब्राझीलनं टीव्ही ३.० या प्रसारण मानकासाठी निवडलेलं एलसीईव्हीसी तंत्रही मूळ चित्रावर बारकाव्यांचा थर चढवतं.

आपल्याकडे सुटे भाग आहेत. आयआयटी कानपूर आणि सांख्य लॅब्ज यांनी पुढे नेलेलं डायरेक्ट-टू-मोबाइल तंत्र एटीएससी ३.० वरच उभं आहे. त्याचा रोख मात्र इंटरनेटविना मोबाइलवर चित्र पोचवण्याकडे आहे. प्रसार भारतीचं ‘वेव्हज’ हे ॲप नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या इफ्फीत सुरू झालं. छत्री, मनोरा आणि ॲप यांना एकाच चित्राचे वाटेकरी करणं बाकी आहे.

तसं झालं, तर चांदोलीकडच्या वाडीत नेट गेल्यावर चित्र थोडं मऊ होईल, पण बंद पडणार नाही. त्यासाठी पायाचा थर मोफत आणि स्वतःच्या बळावर बघण्याजोगा हवा. तो मुद्दाम कच्चा ठेवून बारकावे विकायला काढले, तर तंत्र नवं आणि वाडी मात्र पुन्हा मागे, असं होईल. सजावट इंटरनेटच्या तारेकडे द्यावी. चित्र पोचवण्याची जबाबदारी प्रसारणाकडेच राहू द्यावी.